शहरातल्या झाडांची कीड आणि रोग : आधी बुंधा बघा, मग पान, औषध सगळ्यात शेवटी

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुनं रेन ट्री आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्याखाली लावलेल्या गाड्या चिकट व्हायला लागल्या. काचेवर बारीक ठिपके, त्यावर धूळ, आणि वायपर फिरवला की सगळा चिकटा काचभर पसरायचा. आठ-पंधरा दिवसांत कोवळ्या फांद्यांवर कापूस डकवल्यासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. फवारणीवाल्याला बोलावलं. त्याने कुठलं तरी जहाल औषध मारलं, शिडी मीच धरली होती. दुसऱ्या दिवशी झाडाखाली पांढऱ्या झुबकेदार अळ्यांचा सडा पडला आणि सगळे खूश झाले.

त्यातली एक अळी मी तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिली. अंगावर मेणाचे लांब, वेडेवाकडे धागे, खाली सहा पाय, तोंडाशी चावायच्या नांग्या. फांद्यांवरचे ते पांढरे पुंजके पिठ्या ढेकणाचे होते, पण पिठ्याला असलं तोंड नसतं, तो सोंड खुपसून रस शोषतो. ही त्याला खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळी होती. आम्ही झाडाचा राखणदार मारला होता. पिठ्या महिन्याभरात परत आला आणि या वेळी त्याला खायला कोणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही झाडाकडे औषधाची बाटली घेऊन गेलेलो नाही. भिंग, खुरपं आणि वही घेऊन जातो. पुढे जे लिहिलंय ते सोसायटीची कमिटी, वॉर्डातले वृक्षप्रेमी, शाळेची बाग सांभाळणारे शिक्षक, अशा कुणालाही करता येईल असं आहे.

पायरी १ : झाड खरंच आजारी आहे का?

मला येणाऱ्या फोनांपैकी बरेच फोन आजारी नसलेल्या झाडांबद्दल असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ पानं टाकतो. शिरीष उन्हाळ्याच्या तोंडावर वाळक्या शेंगा खुळखुळवत उभा असतो. पांगारा आणि काटेसावर तर फुलायच्या वेळी निष्पर्णच असतात. ही झाडाची रीत आहे. दोन आठवडे थांबा आणि नखाने एका काडीची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं-ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी-कोरडं दिसलं तर आणखी खालच्या, जाड फांदीवर पुन्हा बघा. मर कुठपर्यंत आली आहे ते असं कळतं.

दुसरी गोष्ट गाठींची. सप्तपर्णीच्या पानांवर हिरव्या मण्यांसारख्या गाठी येतात, कधीकधी इतक्या की पान पान राहत नाही. ती गाठ चाकूने उभी चिरा. आत एक छोटी खोली असते आणि त्या खोलीत बारीकसं पिल्लू. हा उवेएवढा, रस शोषणारा कीटक असतो. गाठ त्याचं घर, आणि ते घर झाडानेच बांधून दिलेलं असतं. उंबराच्या पानावरही असाच प्रकार असतो. करंजाच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या राहणाऱ्या गाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडींमुळे (माइट) येतात. मोठ्या झाडाचं यात फारसं बिघडत नाही आणि कीटक बंद खोलीत बसलेला असल्याने फवारणी त्याच्यापर्यंत पोचतही नाही. रोप लहान असेल तर गाठीची पानं खुडून पिशवीत बंद करून टाका, मोठं असेल तर सोडून द्या.

तिसरी गोष्ट अळ्यांची. पावसाळ्यात बहाव्याची पानं कुरतडलेली दिसली की लोक घाबरतात. त्या बहुतेक वेळा पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या असतात, आणि पाऊस चालू असताना बहावा नवी पानं काढतोच. खोट्या अशोकावर टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. कढीपत्ता आणि लिंबावरच्या अळ्यांचंही तेच. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली ज्याची निवड झाली, त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच पोसतात. फुलपाखरू हवं असेल तर थोडी पानं जाऊ द्यावी लागतात.

पायरी २ : बुंध्यापाशी बसा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. शब्दशः खाली बसा.

मुंबईच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत मोठमोठी रेन ट्री उभ्या उभ्या वाळली आणि सगळ्यांनी पिठ्या ढेकणाकडे बोट दाखवलं. पिठ्या होताच. पण अशा कित्येक झाडांच्या सालीला टेकून काँक्रीट आलेलं असतं. तहानलेल्या, मुळं तुटलेल्या झाडाला कीड लवकर लागते आणि ते तिच्याशी झुंजूही शकत नाही. फवारणीने कीड मरते, तहान भागत नाही.

बघायचं काय? बुंध्याभोवती उघडी माती किती आहे? पेव्हर ब्लॉक, डांबर, सिमेंटचा पार अगदी सालीला भिडलाय का? गेल्या दोन-तीन वर्षांत पाइप, केबल, गटारासाठी कुठल्या बाजूने चर खणला होता? झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फूट मातीतच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, त्यामुळे दहा फुटांवरचा चरसुद्धा एका बाजूची मुळं संपवू शकतो. त्याच बाजूच्या फांद्या वाळत असतील तर उत्तर मिळालं. बुंध्यावर राडारोडा किंवा मातीचा भराव टाकलाय का? मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीपाशी पसरट होत जातो. तो खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला तर भराव पडला आहे असं समजा. लहानपणी लावलेला लोखंडी पिंजरा सालीत रुतलाय का? खिळे, जाहिरातींचे पत्रे, दिव्यांच्या माळांच्या तारा? बांधकामाचं सिमेंटचं पाणी किंवा गॅरेजचं तेल आळ्यात जातंय का?

दुरुस्ती अशी करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेच माप आपल्याकडेही धरा, जास्त जमलं तर उत्तमच. काँक्रीट ब्रेकरने फोडू नका, त्याच्या दणक्याने आणि चुकलेल्या घावाने मुळं फाटतात. छिन्नी-हातोड्याने तुकडे सुटे करून उचला. खालची घट्ट माती कुदळीने खणू नका, काट्याने हलकी पोकळ करा, वर पालापाचोळा आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन-तीन इंच पसरा. ते सालीला चिकटू देऊ नका, चार बोटं अंतर ठेवा. मग पाणी. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज बादलीभर पाणी ओतून काही होत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा, पण सावकाश आणि खोल मुरेल असं द्या. खिळे पक्कडीने सरळ ओढून काढा. रुतलेला पिंजरा कटरने कापा, पण सालीच्या आत गेलेली तार ओढायला जाऊ नका, नाहीतर साल सोलून निघेल. बाहेर दिसते तेवढी कापून सोडून द्या.

एवढं करून एक पावसाळा वाट बघितली की बऱ्याच झाडांना पुढच्या पायऱ्यांची गरजच पडत नाही.

पायरी ३ : खुणेवरून ओळखा, आणि त्या खुणेपुरतंच करा

*चिकटा आणि काजळी.* पानं तेलकट चमकतात, खालची फरशी चिकट होते, मग त्यावर काळी बुरशी चढते आणि पान काजळी फासल्यासारखं दिसतं. काजळी हा मूळ रोग नव्हे. वर कुणीतरी रस पितंय आणि गोड चिकट विष्ठा टाकतंय, त्यावर ती वाढते. तो कुणीतरी म्हणजे मावा, खवले कीड, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण. पानाची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके भिंगाने बघा.

पिठ्या ढेकणाबरोबर मुंग्या-मुंगळे हमखास असतात. त्या गोड चिकट्यासाठी पिठ्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून पहिला उपाय मुंग्यांची वाट बंद करणं. छातीएवढ्या उंचीवर बुंध्याभोवती फूटभर रुंद जाड प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, सालीच्या खाचांत खालून चिकणमाती भरा म्हणजे बोगदा राहणार नाही, आणि पट्टीच्या मधोमध ग्रीसचा जाड थर द्या. ग्रीस थेट सालीवर लावायचं नाही. झाडाला टेकलेल्या भिंती, तारा, शेजारच्या फांद्या बघा, मुंग्या त्या पुलांवरूनही जातात. काम झालं की दोन-तीन महिन्यांनी पट्टी काढा, आत ओल साठून साल कुजते.

दुसरा उपाय पाण्याचा. पोचेल तिथपर्यंत जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. मावा आणि पिठ्याची पिल्लं यानेच खाली पडतात, आणि पडलेली बहुतेक परत वर चढू शकत नाहीत. खूप भरलेल्या बारीक फांद्या कापून जागेवरच पिशवीत बंद करा. त्या फांद्या उघड्या टेम्पोतून शहरभर नेणं म्हणजे प्रत्येक चौकात कीड पेरत जाणं. कुंपणाची जास्वंद आणि मोकळ्या जागेतलं गाजर गवत तपासायला विसरू नका, पिठ्याच्या काही जाती तिथे वर्षभर मुक्काम करून असतात.

आणि राखणदार ओळखा. मी ज्याला मारलं तो ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला. नाव क्रिप्टोलिमस. त्याची अळी पिठ्यासारखीच पांढरी, फसवं सोंग घेतलेली. फरक असा : पिठ्या तीन-चार मिलिमीटरचा, गोलसर, काडीने टोचलं तरी जागचा फारसा हलत नाही. अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब होते, धागे लांब आणि विस्कटलेले, आणि टोचलं की चालू लागते. पुंजक्यांत अशा दोन-चार अळ्या दिसल्या तर हात जोडून परत फिरा आणि तीन आठवड्यांनी या.

मित्रकीटक मोठं काम करतात हा भाबडा विश्वास नाही. पपईवरचा पिठ्या २००८ साली कोइम्बतूरला पहिल्यांदा सापडला, मग त्याने दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही पपई, तुती आणि बरीच झाडं झोपवली. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. २०१० साली परदेशातून आणलेली एक चिमुकली परोपजीवी माशी सोडली आणि थोड्याच काळात त्याचा जोर ओसरला.

*सालीवरच्या भुशाच्या दोऱ्या.* गुलमोहर, करंज, आंबा, पेरू यांच्या खोडावर किंवा फांदीच्या बेचक्यात लालसर-तपकिरी भुशाची, जाळ्याने विणलेली वेडीवाकडी पट्टी चिकटलेली दिसते. लोकांना ती वाळवी वाटते. वाळवीची नळी मातीची असते, बोटाने चुरली की माती पडते. ही चुरली की लाकडाचा भुसा आणि विष्ठेचे दाणे पडतात आणि रेशमाचे धागे ताणले जातात. ही साल खाणारी अळी. दिवसा ती बेचक्यातल्या भोकात लपते, रात्री त्या पट्टीच्या छपराखालून फिरून साल खाते. झाड एकदम मरत नाही, पण फांद्या दुबळ्या होतात आणि भोकातून पाणी शिरून कुज लागते.

इथे फवारणी वाया जाते. पद्धत अशी : तारेच्या ब्रशने सगळी पट्टी साफ करा, म्हणजे भोक दिसेल. बोटभर जाडीचं भोक, बहुतेक दोन फांद्यांच्या काखेत. सायकलच्या आरीसारखी लवचीक तार आत घालून हलवत पुढे सरकवा. अळी टोचली गेली तर तार ओलसर होऊन बाहेर येते. मग कापसाचा बोळा रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवून भोकात सारा आणि ओल्या चिकणमातीने तोंड लिंपून टाका. आठवड्याने बघा. लिंपण फोडून नवा भुसा आला असेल तर पुन्हा करा. या अळीची वर्षाला एकच पिढी असते. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अळी लहान असते, तेव्हा हे केलं तर एका दिवसात दहा-बारा झाडं होतात. आंब्याच्या भिरुडालाही (खोड पोखरणारी अळी) हीच रीत, फक्त ते लाकडात खोल जातं आणि बुंध्याशी भुशाचा ढीग पडतो, त्यामुळे उशीर करू नका.

वाळवी बहुतेक वेळा मेलेली सालच खाते. नळ्या झाडूने पाडा, आळं साफ ठेवा, पुरे.

*बुंध्याशी छत्र्या, कानासारख्या बुरश्या.* इथे मात्र मी गंभीर होतो. पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी किंवा मुळांवर अर्धगोल, वरून चकचकीत तांबूस-तपकिरी, कडेला पांढरट अशी लाकडासारखी टणक बुरशी उगवली तर ती बहुधा गॅनोडर्मा असते. बाहेर दिसतं ते फळ. तोवर आत मुळं आणि खोडाचा तळ बराच कुजलेला असतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, त्याला हे फार होतं. वरून हिरवागार, फुललेला दिसणारा गुलमोहर जूनच्या वाऱ्यात आडवा होतो तो यामुळेच. छत्री तोडून टाकल्याने रोग जात नाही, उलट खूण तेवढी जाते. लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा. भरीव लाकूड घट्ट आवाज देतं, पोकळी ढोलकीसारखी वाजते. फोटो काढा, उद्यान विभागाला लेखी कळवा, खाली गाड्या लावणं आणि बाकं ठेवणं त्याच दिवशी बंद करा.

मात्र खोडावर उंचावर असलेली प्रत्येक ढोली म्हणजे धोका नव्हे. त्यात तांबट, पोपट, पिंगळे राहतात. ढोलीत सिमेंट भरायची जुनी सवय सोडा. झाड वाऱ्याला झुलतं, सिमेंट झुलत नाही, मधल्या फटीत पाणी साठून कुज वाढते.

*शेंडेमर.* कडुनिंबाच्या फांद्यांची टोकं पावसाळ्यानंतर तपकिरी होऊन वाळत जातात, लांबून झाड भाजल्यासारखं दिसतं. २०२१ साली तेलंगणात याने एवढा उच्छाद मांडला की लोकांनी कडुनिंब संपला असंच धरलं. फोमोप्सिस नावाची बुरशी आणि कोकणात काजूवाले ज्याला ढेकण्या म्हणतात तो रस शोषणारा कीटक, दोघांची जोडी यामागे असते. मोठी झाडं बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा फुटतात. तोडायची घाई करू नका. कोरड्या हवेत वाळकी टोकं हिरव्या भागापर्यंत कापून पिशवीत टाका, आळं करा, पाणी द्या. रोपं आणि तरुण झाडं असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, कृती पायरी ४ मध्ये) फवारा.

*बांडगूळ.* आंबा, शिरीष, करंज यांच्या माथ्यावर वेगळ्याच पानांचा हिरवा झुबका दिसतो. फुलटोच्या हा पिटुकला पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया फांदीवर पुसून जातो. नुसतं बांडगूळ ओढून काढलं तर त्याची मुळं फांदीत राहून पुन्हा फुटतात. ते जिथे रुजलंय त्याच्या हातभर खालून फांदी कापा, फळं पिकायच्या आत. जाड मुख्य फांदीवर असेल तर फांदी राखा आणि बांडगूळच दरवर्षी खरवडून काढत राहा. झाडावर एक-दोन झुबके असतील तर मी तसेच ठेवतो, फुलटोच्याचाही विचार करावा लागतो.

*सुरवंट.* शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांची गर्दी एकमेकांना चिकटून बसते. दिवसा ते असे एकत्र असतात, हीच संधी. टेंभे लावून जाळू नका, सालही जळते. लांब बाह्या आणि हातमोजे घालून जुन्या खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत ढकला. केस अंगाला लागले तर चोळू नका, चिकटपट्टीने उचलून घ्या आणि धुवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तुटून पडणारे तपकिरी भुंगेरे हे हुमणीचे, म्हणजे जमिनीत मुळं खाणाऱ्या अळीचे. फांद्या हलवून खाली अंथरलेल्या चादरीवर पाडा आणि त्याच बादलीत टाका.

*सोसायटीचे नारळ.* नव्या झावळ्या उलगडल्या की कात्रीने पंख्यासारख्या कापलेल्या दिसतात, हे गेंड्या भुंग्याचं काम. तो वाढतो कुठे? शेणखतात, कुजक्या ओंडक्यांत, आणि आता सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यांत. म्हणून औषध नारळाला नको, कंपोस्टच्या खड्ड्याला द्या. दर पंधरवड्याला खत उलथं करा, भुंग्याच्या अळ्या मारणाऱ्या मेटॅऱ्हायझियम बुरशीची पावडर त्यात मिसळा, अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचा. शेंड्याच्या सगळ्यात आतल्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाका आणि दीड महिन्याने पुन्हा टाका.

खोडाच्या भोकातून तपकिरी घट्ट रस गळत असेल, कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येत असेल तर तो सोंड्या भुंगा. तो जखमेचा वास काढत येतो. म्हणून चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नका आणि हिरवी झावळी कापायची वेळ आलीच तर हातभराहून लांब, जवळजवळ मीटरभर देठ ठेवा.

झावळीच्या खाली पांढऱ्या मेणाच्या चक्राकार रांगोळ्या आणि खालच्या झाडांवर काजळी दिसली तर चक्राकार पांढरी माशी. ही २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली आणि भराभर पसरली. तिला मारणारी एन्कार्सिया नावाची परोपजीवी माशी तिच्या मागोमाग पोचते. रासायनिक फवारणी केली तर आधी एन्कार्सियाच मरते. पाण्याचा फवारा आणि एरंडेल तेल फासलेले पिवळे चिकट पत्रे एवढ्यावर थांबा.

पायरी ४ : औषध द्यायचंच झालं तर

सौम्य ते जहाल असं चढत जा.

साबणाचं पाणी : एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम साधा अंगाचा किंवा मऊ साबण. कपड्यांची पावडर नको, पानं भाजतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा.

पाच टक्के निंबोळी अर्क : दहा लिटरसाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, नऊ लिटर पाण्यात घाला, वीस ग्रॅम साबण विरघळवा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. जून-जुलैत कडुनिंबाखालच्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवल्या तर वर्षाची बेगमी होते, आणि मुलांना त्या कामात मजा येते.

व्हर्टिसिलियम लेकॅनी : रस शोषणाऱ्या किडींवर वाढणारी मित्रबुरशी, लिटरला पाच ग्रॅम. तिला दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्याची उघडीप उत्तम. एप्रिलच्या उन्हात तिचा उपयोग नाही. आणि बोर्डो मारलेल्या झाडावर लगेच ती मारू नका, बुरशीनाशक बुरशीत मित्र-शत्रू करत नाही.

एक टक्का बोर्डो : प्लास्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कळीचा चुना विरघळवा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि काठीने ढवळत राहा. आकाशी रंग आला पाहिजे. मग स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घाला. त्याच दिवशी वापरा. धातूचं भांडं वापरू नका.

याच्या पुढची रासायनिक औषधं उंच झाडांवर, वस्तीत, मी कधीच सुचवत नाही. पंचवीस फुटांवर मारलेला फवारा निम्म्याहून अधिक खालच्या बाल्कन्यांत, पाण्याच्या टाक्यांवर, पक्ष्यांच्या भांड्यांत पडतो. कुणी आणलंच तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचा डबा फाटकातूनच परत पाठवा. फुलोऱ्यात काहीही फवारू नका. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली फवारणीची मशीन सुरूसुद्धा करू नका. मुळांत औषध ओतणं किंवा खोडाला भोक पाडून टोचणं हे काम फक्त जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावं. असं औषध परागातही उतरतं आणि प्रत्येक भोक ही नवी जखम असते.

पायरी ५ : छाटणी

बऱ्याच रोगांना दार उघडून देते ती वाईट छाटणी. कोयत्याने फाडलेल्या फांद्या, सरसकट शेंडा उडवणं, बुंध्याला घासून कापणं. जाड फांदी तीन कापांत काढा. पहिला काप बुंध्यापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडं बाहेर, वरून, पूर्ण. फांदी पडेल पण साल सोलणार नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी बुंध्याला मिळते तिथे सुरकुतलेली फुगीर कडा असते, तिच्या बाहेरून कापा, ती कडा राखा. जखम तीच कडा भरून आणते. डांबर किंवा ऑइल पेंट लावू नका. मोठा काप पावसाच्या तोंडावर करावा लागला तर त्यावर बोर्डो पेस्टचा पातळ हात द्या, शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात. रोगट झाडानंतर करवत स्पिरिटने पुसूनच पुढच्या झाडाला लावा.

पायरी ६ : परवानगी

महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे शहरातलं झाड, तुमच्या खाजगी आवारातलंसुद्धा, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायद्यात तोडणे या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. अर्जात झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, नेमकी जागा, कोणती फांदी आणि का, आणि चारही बाजूंचे फोटो द्या. ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच लिहिलं तर पूर्ण झाड जाण्याची भीती असते. ‘पूर्वेकडची वाळलेली एक फांदी’ असं लिहा. कापणी होताना स्वतः हजर राहा.

पायरी ७ : वही

प्रत्येक झाडाला एक नंबर, एक पान. तारीख, काय दिसलं, काय केलं. त्यासोबत एक ठरावीक फांदी, तिला सुती दोरा बांधून ठेवा. दर पंधरा दिवसांनी तीच फांदी, त्याच कोनातून फोटो. पुंजके मोजा, मुंग्या आहेत का बघा, नवी पालवी आली का लिहा. नुसतं ‘बरं वाटतंय’ लिहिलं तर सहा महिन्यांनी त्यातून काही कळत नाही.

आमच्या रेन ट्रीच्या पानावर त्या फवारणीची नोंद आहे. त्यानंतर मार्चमध्ये दीड मीटरचं आळं उघडलं, ग्रीसची पट्टी बांधली, खालच्या फांद्यांवर दर आठवड्याला पाणी मारलं. जुलैत दोऱ्याच्या फांदीवर एकोणीस पुंजके, ऑगस्टमध्ये अकरा. सप्टेंबरच्या नोंदीत लिहिलंय : पुंजके चार, पांढऱ्या लांब धाग्यांच्या अळ्या तीन, टोचल्यावर चालल्या.